न दुखणारा पांढरा चट्टा

नाहूरच्या माझ्या दवाखान्यात खोकल्यासाठी आलेल्यालाही मी 'आ' करायला लावतो. पेशंट हसतात. हसोत! गालाच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झडतात, नव्या तयार होतात. 'पुरे, थांब' हा निरोप मिळाला की विभाजन थांबते. तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवली, की हा निरोप देणारी पी-५३सारखी जनुकेच बिघडतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. साधी तंबाखू मात्र टपरीवर मिळतेच. पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. दुखू लागल्यावर येतो, तेव्हा परळच्या टाटा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिताना माझा हात जड होतो. दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर तज्ज्ञाला दाखवून, गरज पडल्यास तुकडा काढून तपासायलाच हवा. आणि हे काम एकट्या दंतवैद्याचे नव्हे, आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांचेही आहे. बॅटरीने तोंड पाहायला अर्धा मिनिट लागतो.