पोच केलेलं अंडं आणि आमटीत सोडलेलं अंडं

पार्सल उघडलं तेव्हा आतून चार कप्प्यांचं एक काळंभोर नॉनस्टिक भांडं निघालं. भाच्यानं मागवलं होतं. "मामा, याच्यात अंडं पोच होतं. साध्या पातेल्यात जमत नसतं, मी व्हिडिओ बघितलेत." रविवारी सकाळी चार अंडी त्या कप्प्यांत पडली. खाली पाणी, वर अंडी, त्यावर काचेचं झाकण. दहा मिनिटांनी पांढरं वातड झालेलं, बलक भुसभुशीत, आणि एक अंडं कप्प्याला असं चिकटलं की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. गंमत म्हणजे त्या सगळ्या खटाटोपात अंडं पाण्याला शिवलंसुद्धा नाही. ते वाफेवर शिजलं. म्हणजे ते पोच नव्हतंच, इडलीचं लांबचं भावंड होतं.

आमच्या जालन्याच्या भट्ट्यांतून निघणारी सळई गावोगावच्या स्लॅबमध्ये जाते. लोखंड वितळवणाऱ्या गावात एक अंडं शिजवायला बाहेरून भांडं मागवावं लागतं, हे काही मला पटलं नाही. म्हणून हा लेख.

समोरच्याचं म्हणणं अर्धवट सांगून ते खोडणं सोपं असतं, म्हणून पूर्वपक्ष आधी पुरता मांडतो. पोच अंड्याबद्दल चार गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. एक, त्याला खास भांडं लागतं. दोन, भांडं नसेल तर व्हिनेगर आणि पाण्याचा भोवरा तरी लागतोच. तीन, हा साहेबी पदार्थ, आपल्या स्वयंपाकात त्याला जागा नाही. चार, अंडं अर्धकच्चं राहतं, तेव्हा ते खाऊच नये.

पहिला मुद्दा. पोच म्हणजे कवचातून मोकळं केलेलं अंडं उकळीच्या जरा खालच्या पाण्यात शिजवणं. फ्रेंच भाषेत 'पोश' म्हणजे पिशवी किंवा खिसा, आणि हे नाव तिथून आलं असं मानतात. पांढरा भाग बलकाभोवती पिशवीसारखा धरतो. ही पिशवी बाजारात मिळत नाही, ती अंड्यातच असते. पांढऱ्याचे दोन भाग असतात. बलकाला बिलगलेला घट्ट भाग आणि त्याच्या बाहेरचा पातळ, पाण्यासारखा भाग. पातेल्यात ज्या चिंध्या तरंगतात आणि फेस होतो, तो या पातळ भागाचा. अंडं जितकं जुनं तितका पातळ भाग जास्त, कारण कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि घट्ट पांढरं सैल पडतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अंड्यांचे ट्रे दुकानाच्या दारात उघड्यावर असतात. तेव्हा ही सैल पडण्याची क्रिया वेगानं होते. दोष अंड्याच्या वयाचा असतो आणि आपण तो पातेल्याच्या माथी मारतो.

याच मुद्द्यातली दुसरी गोष्ट उष्णतेची. पांढरं साधारण ६२ अंश सेल्सिअसच्या पुढे धरायला लागतं. बलक ६५ला दाटतो आणि ७०च्या आसपास घट्ट होतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच, त्यामुळे इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेवढंसुद्धा अंड्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. खळखळत्या पाण्यात अंडं शिजतं खरं, पण बुडबुडे त्याला हिसके देऊन फाडतात. तेव्हा भांड्याकडून अपेक्षा एवढीच, की ते पसरट असावं आणि त्यात तीन-चार बोटं पाणी राहावं. अशी कढई ज्या घरात नाही, त्या घरात पोच अंड्याच्या आधी इतर पुष्कळ गोष्टींची चिंता करावी लागेल.

आता दुसरा मुद्दा, आधी व्हिनेगर. इथं समोरच्याचं थोडं खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. आंबट पाण्यात पांढरं लवकर धरतं. पण त्याची चव अंड्याला लागते आणि वरचा पापुद्रा खरबरीत होतो. पातळ पांढरं आधीच काढून टाकलं तर व्हिनेगरला करायला काही उरत नाही. तरी कुणाला आंबट हवंच असेल, तर अर्धं लिंबू पुरे. मोसंबी मात्र नको. जिल्हा मोसंबीचा असला तरी या कामाला तिचा आंबटपणा पुरत नाही.

भोवऱ्याचं म्हणणं तर मला हास्यास्पद वाटतं. पाणी चमच्यानं गरगर फिरवायचं आणि मधोमध अंडं सोडायचं. एका अंड्यापुरता भोवरा देखणा दिसतो. दुसरं अंडं सोडलं की पहिल्याची पिशवी फाटते. ही रीत हॉटेलातल्या एका ताटाची आहे, पंगतीची नाही. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात अंडं बांधून ते गरम पाण्यात सोडण्याची युक्तीही कुणीकुणी सांगतात. खाण्याची वस्तू तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये का शिजवावी, याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं. मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाण्यात अंडं ठेवणाऱ्यांनी बलकाला आधी सुईनं टोचावं, नाहीतर तो आतल्या आत फुटतो आणि मग ओटा पुसत बसावं लागतं.

शिवाय पाण्याचा हिशेब आहेच. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार हे तोंडपाठ असणारं आमचं गाव. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरपुढे हंडे घेऊन उभे राहिलेले लोक आम्ही. मोठं पातेलं भरून पाणी तापवा, एक अंडं काढा आणि पाणी ओतून द्या, ही रीत आमच्या गळी उतरत नाही. कढईतल्या तीन बोटं पाण्यात तीन अंडी आरामात होतात. आणि व्हिनेगर नसेल, तर तेच पाणी गार करून तुळशीला घालता येतं.

तिसरा आक्षेप साहेबीपणाचा. साहेब आमच्या मुलखात पहिल्यांदा गाजला तो २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या लढाईत. ते असई आज जालना जिल्ह्यात आहे. तिथं इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. पुढे साहेबाच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी जालन्यात बरीच वर्षं होती. पण साहेब आला म्हणून गरम द्रवात अंडं फोडायला आम्ही शिकलो, असं म्हणायला काही आधार नाही. आमच्या घरांत अंड्याचं कालवण दोन तऱ्हांनी होतं. एक उकडून, सोलून, चिरा देऊन रश्श्यात टाकलेल्या अंड्यांचं. दुसरं कच्ची अंडी थेट रश्श्यात फोडून सोडलेलं. पाहुणे अचानक आले, उकडायला वेळ नाही, की दुसरंच होतं. त्याला कुणी पोच म्हटलं नाही, म्हणून ते पोच नव्हतं का?

जगातही पाणी हा पोचाचा एकच मार्ग नाही. ट्युनिशियाची शकशुका म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात फोडलेली अंडी. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात अंडी रेड वाइनमध्ये पोच करून तिच्याच सॉसबरोबर वाढतात. मुंबईचे पारशी तर भेंडी, टोमॅटो, बटाटा, हाताशी येईल त्या भाजीवर अंडं फोडून झाकण ठेवतात. उलट बंगालमध्ये 'पोच' म्हणून ताटात येतं ते पुष्कळदा तव्यावर तळलेलं अंडं असतं. नावाचा असा गोंधळ असताना नावावरून पदार्थाची जात ठरवणं काही खरं नाही.

चौथा आक्षेप प्रकृतीचा. तो मी खोडणार नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतो. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, आजारातून उठलेलं माणूस, यांनी वाहता बलक टाळावा. पण यावरून निघतं ते एवढंच, की त्यांच्यासाठी अंडं आणखी दोन-तीन मिनिटं शिजू द्यावं. बलक घट्ट झाला म्हणून पोच बिघडत नाही. तडा गेलेलं अंडं मात्र या कामाला घेऊ नये. आणि अंडं वाडग्यातल्या पाण्यात टाकून पाहावं. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्यावं. ही परीक्षा गावातली कुठलीही काकू तुम्हाला फुकट शिकवेल.

एवढं खोडलं, आता स्वतःचं मांडतो.

साध्या पाण्यातली रीत. अंडं आधी वाटीत फोडावं. मग ते पुऱ्या तळायच्या झाऱ्यावर अलगद ओतावं. झारा नीट धुतलेला हवा, तेलकट नको. पातळ पांढरं छिद्रांतून गळून जातं, आणि झाऱ्यावर बलक व त्याला बिलगलेलं घट्ट पांढरं, असा एक थरथरता गोळा उरतो. हाच पोचाचा प्राण. हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहिलं की चार कप्प्यांच्या भांड्याचा मोह आपोआप सुटतो. कढईत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी उकळावं आणि गॅस अगदी बारीक करावा. पाणी खळखळायचं थांबलं, तळाशी चार-दोन बुडबुडे राहिले, की झारा पाण्याला टेकवून अंडं घसरू द्यावं. वरून टाकू नये. झाकण ठेवून चार मिनिटं वाट पाहावी आणि त्याच झाऱ्यानं काढावं. पुष्कळ माणसं जेवायला असतील, तर अंडी आधी करून गार पाण्यात ठेवावीत आणि वाढताना मिनिटभर गरम पाण्यात बुडवावीत.

आणि आमची रीत. कढईत तेल, मोहरी, लसूण, बारीक चिरलेला कांदा. कांदा तांबूस झाला की तिखट, हळद, आणि पाण्यात कालवलेलं येसर. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं हे येसर मराठवाड्याच्या घरात डब्यात तयार असतंच. त्यात चिंचेचा कोळ आणि मीठ. आमटी चांगली उकळून जराशी दाटली की आच बारीक करावी. पळीच्या पाठीनं आमटीत हलका खळगा पाडावा आणि वाटीतलं अंडं त्यात सोडावं. ढवळू नये. झाकण ठेवून सहा-सात मिनिटं थांबावं, मध्ये एकदा पळीनं वरून आमटी सोडावी.

आता यात काय काय झालं ते बघा. व्हिनेगरचं काम चिंचेनं केलं. भोवऱ्याचं काम येसरच्या दाटपणानं केलं, कारण दाट आमटीत पांढऱ्याला पसरायला वाव नसतो. पाणी वाया गेलं नाही, कारण ज्यात शिजवलं तेच भाकरीबरोबर खाल्लं. पांढऱ्याची जी चिंधी सुटली, तीही आमटीला दाटपणा देऊन गेली. पाश्चात्त्य रीतीनं ज्या तीन अडचणींसाठी तीन उपाय शोधले, त्या अडचणी या कढईत मुळात उभ्याच राहत नाहीत. हे कौशल्य आमच्या बायकांच्या हातात कधीचं आहे. त्याला नाव नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

परवाच्या रविवारी भाच्याला कढईपुढे उभं केलं. पहिलं अंडं त्यानं वीतभर उंचीवरून सोडलं आणि ते फुटलं. त्याची आजी पाटावरून म्हणाली, "अरे, वाटी आमटीला टेकव ना." पुढची नीट बसली. झाकण काढलं तेव्हा लाल आमटीत पांढऱ्याची गोल बेटं दिसत होती, आणि एक जरा वाकडं. ते मी घेतलं.

त्या भांड्याला कप्पे चार. आमच्या घरात जेवायला माणसं सहा.