१६ डिसेंबरपासून मेटा आपले डीएम वाचतंय? व्हायरल रीलमधलं खरं किती?

'१६ डिसेंबरपासून मेटा तुमचा प्रत्येक डीएम, फोटो, व्हॉइस मेसेज वाचणार आणि एआयला शिकवायला वापरणार!' अशा अर्थाच्या रील्स आणि फॉरवर्ड २०२५ च्या शेवटी सगळीकडे फिरत होत्या. अजूनही एखाद्या ग्रुपवर उगवतात. मग कुणीतरी 'मी मेटाला परवानगी देत नाही' अशी पोस्ट कॉपी-पेस्ट करतं. (त्या पोस्टने काहीही होत नाही. अकाउंट उघडतानाच आपण अटी मान्य केलेल्या असतात.)

गंमत म्हणजे यातली तारीख खरी आहे. म्हणून तर लोक फसले.

मेटाने १ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर केलं की १६ डिसेंबरपासून मेटा एआयशी आपण जे बोलतो, टाइप करून किंवा आवाजात, ते फीड आणि जाहिराती ठरवायला वापरलं जाईल. बदल एवढाच. मित्राशी झालेल्या गप्पांबद्दल त्यात काही नव्हतं. खासगी मेसेज एआयच्या ट्रेनिंगला वापरत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. पण चॅटमधल्या कुणी ते स्वतः मेटा एआयला दिले तर गोष्ट वेगळी. म्हणजे ग्रुपमध्ये कुणी मेटा एआयला टॅग करून प्रश्न विचारला, की तो मेसेज त्याच्याकडे गेलाच.

आता इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण रीलवाले तो सांगत नाहीत आणि 'फेक आहे, सोडून द्या' म्हणणारेही सांगत नाहीत. व्हॉट्सअॅपवरचे पर्सनल मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. तिथे कुलूप आहे आणि किल्ली मेटाकडे नाही. इन्स्टाग्रामच्या साध्या डीएमला बाय डिफॉल्ट असं कुलूप नसतं. तिथे आपण कंपनीच्या शब्दावर चाललोय. 'वाचतात' याला पुरावा नाही, पण 'वाचूच शकत नाहीत' असंही म्हणता येत नाही.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मात्र या गोंधळात बाजूलाच राहिली. एज्युकेशन लोनबद्दल मेटा एआयला विचारलंत, तर तशा जाहिराती दिसू शकतात आणि हे बंद करायला बटणच दिलेलं नाही. एआयशी न बोलणं हाच पर्याय. धर्म, आरोग्य, राजकीय मतं, लैंगिक कल यांवरच्या गप्पा जाहिरातींसाठी वापरणार नाही, असं कंपनी सांगते. युरोपियन युनियन, ब्रिटन आणि दक्षिण कोरियाला सुरुवातीला यातून वगळलं होतं. भारताला नाही! यावर रील का निघाली नाही, कोण जाणे.

व्हॉट्सअॅपचं म्हणाल तर, तिथली एआय चॅट इन्स्टा-फेसबुकच्या जाहिरातींसाठी तेव्हाच वापरली जाते, जेव्हा तुम्ही व्हॉट्सअॅप अकाउंट्स सेंटरला जोडलेलं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा बघून घ्या.

आणि हो, 'अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी ऑन करा, नाहीतर एआय सगळे मेसेज वाचेल' हा फॉरवर्डही चुकीचाच. ते सेटिंग खरं आहे, एप्रिल २०२५ मध्ये आलं. ते ऑन केलं की त्या चॅटमध्ये मेटा एआयला बोलावता येत नाही, चॅट एक्स्पोर्ट होत नाही आणि फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र त्यानंतरही काढता येतो.