इफेक्ट थांबवायचा कोणी?

मराठी नाट्यपरीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेले असते: नेपथ्य, संगीत आणि प्रकाशयोजना नाटकाला पूरक. हे वाक्य लिहिणाऱ्यांशी आमचे जुने भांडण आहे. आज ते एका वरकरणी क्षुल्लक, निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या मुद्द्यावरून मांडायचे आहे. प्रकाश-कन्सोलवर बसवलेला इफेक्ट एकदा सुरू झाला की तो थांबवायचा कोणी, केव्हा आणि कसा? आमच्या मते हा प्रश्न ऑपरेटरच्या सवडीवर सोडण्याचा नाही. तो दिग्दर्शनाचा, किंबहुना नाटकाच्या अर्थाचा प्रश्न आहे.

यंत्राचा स्वभाव जाणून घेतल्यावाचून हे भांडण कळणार नाही, म्हणून थोडा तपशील. कन्सोलवरचे इफेक्ट ढोबळमानाने दोन जातींचे. पहिला चेस: दिवे एकामागून एक पेटत जातात. यात पुढचा टप्पा किती वेळाने यावा, दिवा चढायला किती वेळ घ्यावा, किती टिकावा आणि किती वेळात उतरावा, हे सारे सेकंदाच्या अंशापर्यंत ठरवता येते. दुसरा तरंगाचा: दिव्याची एक मूळ पातळी असते आणि तिच्या वरखाली प्रकाश हेलकावे घेतो. हेलकावा केवढा आणि किती वेगाचा, हे आपण सांगायचे. शेजारशेजारच्या दिव्यांना तो थोडा मागेपुढे करून दिला की ज्वाळा, पाणी, पानांतून झिरपणारे ऊन असे काहीबाही दिसू लागते. (मूळ पातळी शंभर टक्क्यांवर ठेवून ज्वाळा करू पाहणाऱ्यांची संख्या अजूनही कमी नाही. दिवा शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे तरंगाचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि शेकोटीऐवजी बिघडलेली ट्यूबलाइट दिसते. असो.)

खरी मेख पुढे आहे. आजचे बहुतेक नाट्य-कन्सोल प्रत्येक क्यूमध्ये फक्त बदल नोंदवतात. जे बदलले नाही ते मागून तसेच वाहत येते. ही सोय मोठीच आहे. पण तिचा अर्थ असा की चौदाव्या क्यूला सुरू केलेला पाऊस पंधराव्यात, सोळाव्यात, विसाव्यात पडतच राहतो, जोवर कोणी 'थांब' ही आज्ञा स्वतंत्रपणे नोंदवत नाही. इफेक्टची मुदत आधी ठरवून देता येते, अमुक फेऱ्यांनंतर संप असे सांगता येते. पण सांगितले नाही तर तो बहुधा अनंत. यंत्राला शेवट माहीत नसतो.

यावर आपल्याकडचा लाडका उतारा म्हणजे ब्लॅकआउट. अंधार केला की सगळे झाकले! पण तीव्रता शून्यावर आणल्याने इफेक्ट थांबतोच असे नाही. मूव्हिंग हेडला झुलण्याची आज्ञा दिलेली असेल तर तो अंधारातही मुकाट्याने झुलत राहतो. मुकाट्याने तरी कसे म्हणावे? शांत प्रेक्षागृहात त्याच्या मोटारीची घरघर पहिल्या रांगांना स्वच्छ ऐकू येते. आणि पुढच्या प्रवेशात उजेड येतो तेव्हा तो दिवा नटाच्या चेहऱ्यावर असण्याऐवजी कुठेतरी अर्ध्या झोक्यात विंगेकडे पाहत असतो.

पूर्वी हा प्रश्न असा नव्हता. १९३५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक बेंथमने आपला 'लाइट कन्सोल' दाखवला, तेव्हा त्याची बैठक ऑर्गनसारखी होती आणि कल्पना अशी की माणसाने प्रकाश वाजवावा. १९५९ साली कोलकात्यात 'अंगार'च्या प्रयोगात तापस सेन यांनी खाणीत चढत जाणारे पाणी निव्वळ प्रकाशातून उभे केले. तो परिणाम पुढे दंतकथा झाला. त्या पाण्याला एक दिशा होती आणि एक शेवट होता: खाणीत अडकलेली माणसे बुडणार होती. हाताने चाललेल्या प्रत्येक परिणामामागे असा एक माणूस उभा असे, आणि त्याचा हात कधीतरी थांबावाच लागे. १९७५ च्या 'अ कोरस लाइन'पासून ब्रॉडवेवर संगणकाच्या स्मृतीवर चालणारे कन्सोल आले. हात मोकळा झाला. तो पुन्हा कष्टात घालावा असे आम्ही म्हणत नाही. पण हाताबरोबर थांबण्याची जबाबदारीही निघून गेली आणि ती कोणाकडे गेली, हे कोणी लिहून ठेवले नाही.

उदाहरणादाखल 'किंग लिअर' घेऊ. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकाला परके नाही. दुसऱ्या अंकाच्या अखेरच्या प्रवेशात, लिअर बाहेर पडण्यापूर्वीच, वादळाची रंगसूचना येते. तिसऱ्या अंकाचे पहिला, दुसरा आणि चौथा हे प्रवेश माळावरचे. मधले तिसरा आणि पाचवा ग्लॉस्टरच्या गडातले. सहावा आडोशाच्या जागेतला. आणि सातवा पुन्हा गडात, जिथे ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात. आता विजेचा इफेक्ट एकदा सुरू करून सोडून दिला तर काय होईल? तो सातही प्रवेशांतून वाहत जाईल. तिसऱ्या प्रवेशात ग्लॉस्टर एडमंडला विश्वासाने आपले गुपित सांगतो, तिथे खिडकीतून विजेची मंद चाहूल राहिली तर ते चालेल, कदाचित शोभेलही. पण मग हेलकाव्याचा आकार कमी करण्याचा निर्णय कोणीतरी घ्यायला हवा. सातव्या प्रवेशाबद्दल मात्र आमचे मत ठाम आहे. तिथे वीज चमकता कामा नये. तिथले क्रौर्य निसर्गाचे नाही. एका म्हाताऱ्या यजमानाला त्याच्याच घरात खुर्चीला बांधून पाहुणे हे कृत्य करतात. तिथे वीज कडाडली की कॉर्नवॉलला आभाळाची साथ मिळते आणि प्रेक्षकाला पळवाट. तो प्रवेश स्थिर, निगरगट्ट उजेडात व्हायला हवा. सहाव्या आणि सातव्या प्रवेशाच्या मध्ये नोंदवलेली 'थांब' ही एक आज्ञा म्हणजे 'लिअर'चे एक भाष्य आहे, आणि ती न नोंदवणे हेही एक भाष्यच आहे; फक्त ते कोणीही केलेले नसते.

आणि थांबणेही एक प्रकारचे नसते. इफेक्ट तत्क्षणी तुटून मूळ पातळीवर येऊ शकतो. त्याचा आकार हळूहळू आटत जाऊन तो निवू शकतो. आकार तोच राहून वेग मंदावत जाऊ शकतो. शेकोटी विझते ती आकार आटून. तिची लवलव लहान होत निखाऱ्यांपाशी येते. वीज गेल्यावर छताच्या पंख्याची सावली थांबते ती वेग मंदावून. पोलिसांच्या गाडीचा फिरता दिवा यांपैकी काहीच करत नाही, तो पटकन बंद होतो. आणि गेलेल्या आगगाडीच्या खिडक्यांचा उजेड तर मधेच थांबणे शक्यच नाही. शेवटचा टप्पा शेवटच्या दिव्यावरून निघून गेला पाहिजे, नाहीतर गाडी भिंतीत विरघळल्यासारखी दिसते. शेकोटीला पोलिसी शेवट देणारे प्रयोग आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे घडले हे त्याला कळते. 'प्रेक्षकाला काय कळते' म्हणणाऱ्यांनी प्रेक्षकाऐवजी आपल्याच डोळ्यांची परीक्षा घ्यावी.

स्ट्रोबबद्दल वेगळे सांगायला हवे. सेकंदाला साधारण तीन ते तीस या वेगाच्या लखलखाटाने प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो. स्ट्रोब लावायचा तर वेग, कालावधी आणि बंद करण्याचे बटण आधी ठरवून, प्रेक्षागृहाच्या दारावर तशी सूचना लावूनच लावावा. हा अभिरुचीचा भाग नव्हे.

आमच्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. व्यावसायिक मंडळी म्हणतील, आज पुण्याला, उद्या नाशिकला. प्रत्येक नाट्यगृहात बोर्ड वेगळा, दिवे वेगळे आणि मांडणीला हाताशी मोजके तास. अशात कसले आले प्रोग्रॅमिंग? हा आक्षेप खरा आहे. अशा दौऱ्यांत बटणावर बोट ठेवून उभा असलेला ऑपरेटर जे निभावून नेतो त्याला आमचा नमस्कारच आहे. पण म्हणूनच तर शेवट कागदावर हवा. बोर्ड बदलला तरी क्यू-शीट बदलत नाही. आम्ही पाहिलेल्या क्यू-शीटांत 'पाऊस सुरू' असे लिहिलेले आढळते, 'पाऊस बंद' फार क्वचित. मग तो बंद होतो ऑपरेटरच्या अंदाजाने, आणि अंदाज चुकला की बोलणी त्यालाच.

दुसरा आक्षेप शुचितावाद्यांचा: गंभीर नाटकात इफेक्ट हवेतच कशाला, दोन स्पॉट पुरेत. आम्हांला ही तपश्चर्या मान्य नाही. दोन स्पॉटही कधी विझवायचे हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर देण्याचे टाळून साधेपणाचा टिळा लावता येत नाही. इफेक्ट वाईट नसतो. बेवारस इफेक्ट वाईट असतो.

तेव्हा मागणी अगदी छोटी आहे. क्यू-शीटवर प्रत्येक इफेक्टसमोर एक जादा रकाना असावा: कोणत्या वाक्यावर किंवा हालचालीवर थांबायचा, आणि तुटून, आटून की मंदावून. तो रकाना दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार यांनी मिळून, तालमीत भरावा. तांत्रिक तालमीच्या रात्री दीड वाजता ऑपरेटरने एकट्याने नव्हे.