बसण्याची जागा

मराठीतल्या 'बसणे' या साध्या क्रियापदाची आपण पार वाट लावून टाकली आहे. 'संध्याकाळी बसूया का?' असं कोणी विचारलं, की कसलं बसणं ते सांगावं लागत नाही. कचेरीत चारजण हसतात आणि पाचवा दाराकडे बघतो. बसणं म्हणजे पिणं, आणि पिणं म्हणजे लपून करायची गोष्ट. आमच्यासारख्या घरांत बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून येते आणि रिकामी झाली की शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे जाते. शेजारीही तेच करतो, त्यामुळे हिशेब चुकता होतो.

या शब्दाचा मूळ अर्थ मला पुन्हा सापडला तो डब्लिनमध्ये. माझी भाची तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. (एलटीसीत आयर्लंड बसत नाही. पदरचे पैसे गेले.) एका दुपारी ती म्हणाली, चला, तुम्हांला एक पब दाखवते. पब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बागा-कळंगुटचं रात्रीचं चित्र आलं, म्हणजे कानठळ्या, निळे दिवे आणि दारात दंडेलीचा रखवालदार. मी नको म्हणालो. तेव्हा ती कोकणीतून म्हणाली, "मामा, हांगा लोक पियेवपाक न्हय, उलोवपाक येतात."

ग्लासनेव्हिन भागातल्या त्या पबाच्या दारावर नाव आहे जॉन कॅव्हॅना. लोक मात्र त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतात, म्हणजे थडगी खणणारे. कारण पब स्मशानाला चिकटून आहे, अगदी भिंतीला भिंत. डॅनियल ओकॉनेल या पुढाऱ्यानं १८३२ साली हे स्मशान सुरू करून दिलं. पूर्वी तिथल्या कॅथलिकांना आपली माणसं आपल्या विधींनी पुरायला हक्काची जागा नव्हती. (मेल्यावरच्या जागेसाठीही झगडावं लागतं, हे गोव्यात वेगळं सांगायला नको.) पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, जुन्या फाटकाशेजारी हा पब निघाला. तेव्हापासून तो त्याच कुटुंबाकडे आहे. भिंतीपलीकडे आज पंधरा लाखांच्या आसपास माणसं झोपलेली आहेत. त्यांत स्वतः ओकॉनेल आहे, पार्नेल आहे, मायकेल कॉलिन्स आहे. खड्डे खणणारे मजूर फावड्यानं भिंतीवर ठोकून आपला ग्लास मागवत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, सांगायला छान आहे.

आत टीव्ही नाही. गाणं नाही. झिजलेली लाकडी जमीन आणि धुरानं काळवंडलेलं जुनं लाकूडकाम. धूर जुनाच, कारण कामाच्या जागी, पबांतसुद्धा, सिगरेट बंद करणारा जगातला पहिला देश आयर्लंड. ती बंदी २९ मार्च २००४ पासूनची. आवाज फक्त बोलण्याचा. मला देवळाच्या मंडपात आरतीआधी माणसं टेकून बोलत बसतात त्याची आठवण झाली. कोणाला राग येईल, पण झाली खरी.

काळी गिनीस ओतायलाच दोन मिनिटं लागतात. पाऊण ग्लास भरून ठेवतात, फेस वर चढू देतात, मग उरलेला भरतात. घाई केली तर ओतणाऱ्याचं नाव जातं. मी अर्धा पाइंट घेतला. त्याला तिथे नुसतं 'ग्लास' म्हणतात. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. आम्हांला बघून त्यांनी आधी विचारलं, कोणाच्या मातीला आला होतात का? नाही म्हटल्यावर मग देश विचारला. त्यांची बायको भिंतीपलीकडे आहे. आठवड्यातून एकदा ते तिला भेटतात, मग इथे येऊन एक पाइंट घेतात आणि बस धरून घरी जातात. हे त्यांनी पावसाविषयी बोलावं तसं सांगितलं. त्यांचा तो एक पाइंट तासभर पुरला. ओतणाऱ्यानं मधे एकदा येऊन त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसरा ग्लास हवा का, हे विचारलं नाही.

तो न विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आयरिश पब म्हणजे काय, तर आधी एक घर. खेड्यांतून पुढच्या खोलीत चहा-साखर, खिळे, दिव्याचं तेल विकायचं आणि मागच्या बाजूला पेला भरायचा, ही जुनी पद्धत. काही ठिकाणी हाच माणूस गावच्या अंत्यविधीचंही बघायचा. टिपररी परगण्यातलं फेथर्डचं 'मॅकार्थीज' त्यासाठी प्रसिद्ध आहे. याला कायद्याचाही हातभार होता. १८४६ च्या कायद्यानं चौकशी व्हायची असलेलं प्रेत जवळच्या पबात आणून ठेवायची सोय केली होती, आणि ती १९६२ पर्यंत चालली. परवानाधारकानं आपलं नाव दारावर रंगवायचं, हेही पूर्वी कायद्यानंच लागे. म्हणून पबाला आडनाव असतं. आणि आडनाव दारावर लावलं की माणूस जरा जपून वागतो. तुमच्याकडे पिऊन कोणी गटारात पडला, तर रविवारी चर्चमध्ये त्याच्या आईच्या शेजारी तुम्हांला बसायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला विलायत चढली. तसं नाही. आयर्लंडलाही दारूनं पोळलेलं आहे, आणि तिथल्या घरांनी ते सोसलेलं आहे. १८३८ साली फादर मॅथ्यू यांनी कॉर्कमध्ये दारूसोडीची चळवळ सुरू केली आणि लाखोंनी शपथा घेतल्या. डब्लिनच्या भर रस्त्यात त्यांचा पुतळा आहे. १८९८ पासून 'पायोनियर' नावाची संस्था आहे, तिचे लोक कोटाला बिल्ला लावतात. बायकांना तर हे पब कित्येक वर्षं घर नव्हतेच. त्यांच्यासाठी 'स्नग' नावाची कोंडी खोली, नाहीतर रस्ता. अनेक ठिकाणी बाईला पाइंट देतच नसत. सत्तरच्या दशकात नेल मॅककॅफर्टी आणि तीसेक बायका एका पबात शिरल्या, सगळ्यांनी ब्रँडी मागवून प्यायली आणि मग एकच पाइंट मागितला. तो नाकारल्यावर त्यांनी ब्रँडीचे पैसे द्यायला नकार दिला. मला ही गोष्ट फार आवडते.

तरीही मुद्दा उरतोच. तो गोव्यात येऊन जास्त बोचतो.

आपल्याकडेही हे होतं. तावेर्न म्हणजे तरी काय होतं? घराचीच पुढची खोली. फळीवर काजूची आणि माडाची फेणी, बरणीत चणे, उकडलेली अंडी, आणि गल्ल्यावर पुष्कळदा घरची बाईच. कोणाचा पगार कधी झाला, कोणाच्या घरात कोण आजारी आहे, तिला सगळं ठाऊक. तिसऱ्या पेल्याला ती म्हणायची, "पुरो आतां, घरा वच." आणि बाप्ये मुकाट उठायचे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. बाटलीचा मान वाढला, उत्तम झालं. पण 'पुरो' म्हणणारी बाई कोणत्या वारशात मोडते?

आज कित्येक ठिकाणी परवाना एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर पगारी पोरगा. त्या पोराचा दोष नाही. तो गिऱ्हाइकाला ओळखत नाही, त्याला विकायला ठेवलेलं आहे. वाइन शॉपच्या काउंटरवर कोणी कोणाला 'पुरो' म्हणत नाही. कॅसिनोत तर पेला भरलेलाच राहावा, असा बेत असतो.

माझा एक सहकारी होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं. रोज सुटल्यावर एक क्वार्टर घ्यायचा आणि स्कूटरवर बसूनच अंधारात संपवायचा. एकटाच. मग वेलची चघळत घरी. बारमध्ये बसला असता तर कोणी बघितलं असतं, म्हणून बसला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी लिव्हरनं गेला. आम्ही समाचाराला गेलो, कावीळ कावीळ म्हणत बसलो, उठून आलो. त्याचं कपाट रिकामं करताना दप्तरांच्या मागे रिकाम्या बाटल्या निघाल्या. त्या मीच वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

त्याला दारूबंदीनं वाचवलं असतं, असं म्हणणारे आमच्यात बरेच आहेत. मला नाही पटत. त्याला माणसांत बसून एक पेला पिता आला असता, आणि दुसऱ्याला हटकणारं कोणी असतं, तर कदाचित. 'कदाचित' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिलाय.

तिकडेही आता ओहोटी आहे. २००५ पासून आयर्लंडमधले सुमारे दोन हजार पब बंद पडले, जवळजवळ चौथा हिस्सा. २०११ मध्ये गाडी चालवणाऱ्यांच्या रक्तातल्या दारूची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली, ती योग्यच होती. पण जिथे बस नाही तिथला म्हातारा घरीच बसला. सुपरमार्केटची स्वस्त बाटली त्याच्या सोबतीला आली. १९०२ पासून तिथे नवा परवाना हवा तर जुना विझवावा लागतो, आणि २००० नंतर तो देशात कुठलाही चालतो. म्हणजे खेड्यातला पब बंद होतो आणि त्याच्या परवान्यावर शहरातलं सुपरमार्केट दारू विकतं. उलट नव्वदच्या दशकापासून पबाचं सगळं लाकूडकाम डब्लिनहून तयार करून जगभर पाठवायचा धंदा जोरात चालला. जुनी सायकल, जुने डबे, सगळं मिळतं. गुडघ्याची चौकशी करणारा तेवढा पेटीत भरता येत नाही.

आपल्या अबकारी खात्याकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते एका कारकुनाला शोभेल असं आहे. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचं आडनाव आणि गाव दारावर ठळक रंगवायला लावा, देवनागरीत, रोमीत, कशातही. आणि त्या घरातलं कोणीतरी दिवसातून निदान काही तास गल्ल्यावर बसलं पाहिजे, अशी अट नूतनीकरणाच्या अर्जात घाला. अर्जात आधीच इतके रकाने आहेत, आणखी एकानं कोणाचं बिघडणार नाही.