‘खुकरी’च्या माणसांची आठवण आत्ताच लिहून घ्या

दीवला चक्रतीर्थ किनाऱ्यालगतच्या टेकडीवर काचेच्या पेटीत एका युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. खाऱ्या वाऱ्यानं काच धूसर झाली की हातानं पुसून आत पाहावं लागतं. बहुतेक पर्यटक तिच्यापुढे फोटो काढतात आणि सूर्यास्त गाठायला निघतात. तिथे जाणार असाल तर कृपा करून जरा थांबा.

ती आयएनएस खुकरी. ८ डिसेंबर १९७१ रोजी ती मुंबईहून निघाली. दुसऱ्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, त्यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. बाकीच्या १९३ जणांची कुणाला ठाऊक आहे?

जहाज अजून समुद्राच्या तळाशीच आहे. घरच्यांना अस्थीही मिळाल्या नाहीत. उरलं ते पत्र्याच्या ट्रंकेत: आंतर्देशीय पत्रं, गणवेशातला एखादा फोटो, दुमडून ठेवलेली तार. माझगाव गोदीत बांधलेली त्याच नावाची दुसरी नौका २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि दीवलाच जतन केली गेली. ट्रंकेतले कागद मात्र वाळवी खाते आहे.

त्या वेळी विशीत असलेली पत्नी आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. वाचलेल्या ६७ जणांपैकी जे हयात आहेत, तेही थकलेत. म्हणून कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात, भावकीत, गावात खुकरीवरचं कुणी असेल, तर त्या घरच्या म्हाताऱ्या माणसासमोर फोन ठेवून बसा आणि त्यांना बोलू द्या. मुलगा कसा हसायचा, शेवटच्या सुट्टीत काय खाऊन गेला, सगळं येऊ द्या. पत्रांच्या प्रती काढा. फोटोमागे नाव, गाव, साल पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

९ डिसेंबरची वाट पाहू नका. येत्या रविवारीच जा.