एक दुपार द्या, दोन निबंध वाचा

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. सर्व्हर किती वेळ बंद होता हे मोजल्याशिवाय माझं काम चालत नाही. पण शास्त्रज्ञाची लायकी सायटेशनच्या आकड्यावरून ठरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यासाठी डग्लस प्रॅशर यांची गोष्ट पुरेशी आहे.

प्रॅशर रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. अमेरिकेत वूड्स होलच्या सागरी संशोधन संस्थेत ते एका जेलीफिशच्या मागे लागले होते. तिच्यातलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, ओसामू शिमोमुरा यांनी १९६०च्या दशकातच वेगळं केलं होतं. प्रॅशर यांना त्याचं जनुक हवं होतं. ते मिळालं, तर दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाला हा दिवा जोडता येईल आणि जिवंत पेशीत ते कुठे जातं हे बघता येईल. चालू प्रोग्राममध्ये प्रिंट स्टेटमेंट टाकावं, तसं.

एनआयएचनं पैसे नाकारले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं दिले, ते संपले. १९९२मध्ये जनुकाचा क्रम 'जीन' या जर्नलात छापून आला, पण पुढच्या कामाला पैसा नव्हता आणि कायम नोकरीची आशाही नव्हती. प्रॅशर यांनी संस्था सोडली. मागणाऱ्यांना मात्र जनुक देऊन टाकलं. त्यांत होते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन. २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं, तेव्हा प्रॅशर अलाबामातल्या हन्ट्सव्हिलमध्ये मोटारींच्या शोरूमसाठी गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते.

कुणी म्हणेल, एच-इंडेक्स तर २००५ साली आला, त्याचा इथे काय संबंध? बरोबर. प्रॅशर यांचा बळी त्यानं घेतला नाही. पण त्यानं त्यांना वाचवलं असतं का, हे बघू. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा हिशेब असा: तुमच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील, तर तुमचा इंडेक्स २०. म्हणजे एकच निबंध कितीही मोलाचा असला, तरी त्याची भर जास्तीत जास्त १. शिवाय नुकत्याच छापलेल्या निबंधाला सायटेशन कुठून येणार? सायटेशन मागाहून येतात, नोकरी आधी जाते. जो आकडा निर्णयाच्या वेळी हातात नसतो, त्यावर निर्णय कसला घेता?

बरं, आकडा आल्यावर तरी तो काय सांगतो? ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१च्या निबंधाला तीन लाखांवर सायटेशन आहेत. विषय: द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची रीत. हे काही थोर काम नव्हे, असं खुद्द लाउरींनीच म्हटलं होतं. उलट 'नेचर'नं २०१४ साली काढलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत वॉटसन-क्रिकचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध नाही. आमच्या धंद्यातही लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी होती. २०१६मध्ये लेखकानं ती काढून घेतली आणि जगभरची बिल्ड कोसळली. वापर प्रचंड, पण म्हणून तिला कुणी संगणकशास्त्रातला शोध म्हटलं नाही. सायटेशन वापर मोजतं. तो जरूर मोजा, पण त्याला प्रतिभा म्हणू नका.

यावर हमखास येणारा युक्तिवाद: 'आकडा नसला तर वशिला माजेल, विशेषतः आपल्याकडे.' ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण यूजीसीनं २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण लावले, तेव्हा वशिला गेला का? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांची दुकानं मात्र जोरात चालली. एकमेकांना सायटेशन देणारी टोळी हाही वशिलाच. फक्त त्याला दशांश चिन्ह असतं.

मग करायचं काय? पेशीशास्त्रज्ञांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१२च्या संमेलनातून निघालेला 'डोरा' हा जाहीरनामा साधी गोष्ट सांगतो: जर्नलचा आकडा नको, काम बघा. हे कंटाळवाणं आहे आणि त्यात चूकही होऊ शकते. पण ती चूक कुणीतरी सही करून केलेली असते, तिचा जाब विचारता येतो. आकड्याला जाब विचारता येत नाही; समितीला तो आवडतो तो बहुधा याचसाठी.

प्रॅशर यांना नोबेल देऊन मला वगळलं असतं तरी चाललं असतं, अशा अर्थाचं चाल्फी नंतर म्हणाले. पुढे त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत प्रॅशर यांना कामही मिळालं. ही सहकाऱ्यांची माणुसकी झाली. व्यवस्थेनं करायला हवं होतं ते इतकंच: १९९२ साली कुणीतरी एका दुपारी बसून त्यांचे दोन निबंध नीट वाचायचे.