शेजार पाहून झाड लावावे

केरळात निलांबूरला १८४०च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली. सरळ रांगांत एकाच जातीची झाडे ही रीत पुढे आपल्या अंगवळणी पडली. तिची सोय उघड आहे. झाडे एका वयाची असतात, विरळणी आणि तोड एकदम उरकते. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात साग सहसा एकटा नसतो. ऐन, धावडा, बिबला, तिवस, बांबू त्याच्या सोबतीला असतात. या सोबतीने लाकूड वाढते की घटते?

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील एका प्रयोगात निम्मी झाडे निलगिरीची आणि निम्मी ब्लॅक वॅटल या बाभूळवर्गीय जातीची अशी एकत्र लावली गेली. अकराव्या वर्षी या मिश्र तुकड्यातील झाडांचे जमिनीवरचे एकूण वजन नुसत्या निलगिरीच्या दुप्पट भरले. वॅटलच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत आणत होत्या, त्याचा लाभ निलगिरीला झाला. शिवाय निलगिरीचा शेंडा वर आणि वॅटलचा खाली राहिल्याने उन्हाची वाटणी झाली.

पण यावरून ‘जेवढ्या जाती अधिक, तेवढे लाकूड अधिक’ असा नियम बांधणे चुकीचे ठरेल. जमिनीत नत्र मुबलक असेल, तर तीच सोबतीण पाण्यासाठी आणि उजेडासाठी भांडू लागते. सागाला डोक्यावर सावली सोसत नाही. वेगाने वाढणारे सुबाभूळ वेळीच छाटले नाही, तर ते सागालाच दडपते. उलट, बाजूने बेताची सावली मिळाली, तर खालच्या फांद्या लवकर गळतात आणि खोड सरळ, कमी गाठींचे होते. म्हणून एकूण वाढ आणि विकाऊ लाकूड हे दोन वेगळे हिशेब आहेत. वजन दुप्पट झाले, म्हणून करवतीखाली जाणारे ओंडके दुप्पट होतीलच असे नाही.

तिसरा हिशेब मातीचा. सागाच्या रुंद पानांवर पाऊस साचून मोठ्या थेंबांनी खाली पडतो. खाली झुडूप किंवा पालापाचोळा नसेल, तर तो माती उधळतो. पुढच्या पिढीचे लाकूड त्याच मातीतून यायचे आहे.

महाराष्ट्राने २०१९मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. रोपांची संख्या मोजणे सोपे असते. ती कोणाशेजारी लावली आणि दहाव्या वर्षी त्यांचे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून वनविभागाने आणि वन विकास महामंडळाने प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर शुद्ध आणि मिश्र तुकडे शेजारी-शेजारी राखावेत, ठरावीक वर्षांनी त्यांचा घेर आणि उंची नोंदवावी आणि त्या नोंदी शेतकऱ्यांसाठी खुल्या कराव्यात. बांधावर साग लावणारा शेतकरी आपल्या जमिनीची वीस-पंचवीस वर्षे त्यात गुंतवतो. त्याच्या हाती निदान तेवढा पुरावा असायला हवा.